सनईवाल्याची अक्कलदाढ: सायनसचा धोका चित्रात किती दिसतो?

वरच्या जबड्यातली उजवी अक्कलदाढ, तिच्या पुढची दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली, वय ५२ आणि व्यवसाय सनईवादन. या चार गोष्टी एका ओळीत वाचल्या की तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. हे गृहस्थ गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. एका देवस्थानात घराण्याची सनईची सेवा आहे, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नं, मुंजी, जत्रा यांत पावसाळ्यापर्यंत उसंत नाही. इथे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तक्रार साधीच होती. दाढेच्या मागच्या बाजूला अन्न अडकायचं, ठणका लागायचा, कधी गाल सुजायचा. कीड हिरडीच्या खाली उतरली होती, त्यामुळे रूट कॅनल करून वर कॅप बसवावी तर कॅपला धरायला धड कड उरलेली नव्हती. एवढ्या मागे हात पोचण्याची अडचण वेगळीच. दाढ काढणं हाच उपाय होता. पण आधी दाखवलेल्या ठिकाणी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र सपाट एक्स-रे, काढून त्यांना सांगितलं होतं, "मुळं सायनसमध्ये घुसली आहेत, हात न लावलेला बरा." मग दर वेळी सूज आली की अँटिबायोटिक, सूज उतरली की पुन्हा वाट बघणं. हे असं वर्षभर चाललं.

भाऊंची भीती नेमकी होती. "डॉक्टर, आमच्या वाड्यावर एकाची दाढ काढली, तर पाणी पिताना नाकातून यायचं. माझं तसं झालं तर पत्तीत फुंक कुठून जाणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. या सगळ्या प्रकरणात निर्णयाचा काटा याच प्रश्नावर फिरला, चित्रावर नाही.

पोकळी आणि मुळं

गालाच्या हाडात, डोळ्याच्या खाली आणि दाढांच्या वर हवेने भरलेली एक पोकळी असते, तीच सायनस. मोठ्या माणसात ती साधारण १५ मिलिलिटरची. तिचा तळ म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांवरचं छप्पर. काहींच्या बाबतीत मधे चांगलं जाड हाड असतं, काहींच्या बाबतीत कागदाइतकं पातळ, आणि काहींमध्ये हाड जवळजवळ नाहीच, फक्त सायनसचं अस्तर. हे अस्तर निरोगी असताना जेमतेम १ मिलिमीटरचं असतं.

या पोकळीचं सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरने १६५१ मध्ये केलं, आणि त्यातही एक दात काढलेली बाईच आहे. तिचा सुळा काढल्यावर खळगीतून पू वाहायचा थांबेना. तिने कुतूहलाने आत सळई घातली, मग पिसाची काडी घातली, आणि ती आत आत जातेच आहे हे पाहून घाबरली. तिला वाटलं काडी मेंदूपर्यंत पोचली. साडेतीनशे वर्षांहून जुनी ही गोष्ट आमच्या विषयाची पहिली केस म्हणायला हरकत नाही. तोंड आणि सायनस यांच्यात वाट पडली की काय होतं ते तिने स्वतःच्या बोटांनी अनुभवलं होतं.

ही वाट लहान असली, म्हणजे २ मिलिमीटरच्या आत, तर खळगीत रक्ताची गुठळी धरते आणि ती आपोआप बुजते. ३ ते ५ मिलिमीटरच्या दरम्यान गुठळीला आधार लागतो: जिलेटिनचा स्पंज आणि त्यावर इंग्रजी आठच्या आकाराचा टाका. त्यापेक्षा मोठी असेल तर आजूबाजूचा मांसल भाग ओढून झाकावं लागतं. तसंच सोडून दिलं तर दोनतीन दिवसांतच कडेने कातडी धरू लागते, आणि काही आठवड्यांत तिथे कायमचा बोगदा होतो. मग पाणी नाकातून येणं, आवाज बदलणं, एका बाजूचा सायनस सतत कुजलेला, ही दुखणी मागे लागतात.

भाऊंच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी वाईट होत्या. पुढची दाढ काढल्यावर तिच्या जागी सायनस हळूहळू खाली उतरतो. वर्षं जातात तसं हाड विरतं आणि पोकळी वाढते. दुसरं म्हणजे एकटी उरलेली शेवटची दाढ वर्षानुवर्षं सगळा चावण्याचा भार घेते, हाडाला घट्ट धरून बसते, आणि तिच्या मागचा जबड्याचा गोलसर उंचवटा, ज्याला आम्ही ट्युबेरॉसिटी म्हणतो, तो मात्र आतून पोकळ झालेला असतो. चिमट्यात धरून दाढ हलवायला जावं तर दाढ न येता तो उंचवटाच सुटून हातात येतो. मग भोक मिलिमीटरमध्ये मोजत बसायचं कारणच उरत नाही.

ओपीजी काय सांगतो आणि काय फुगवतो

भाऊंनी आणलेला ओपीजी मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तिन्ही मुळांची टोकं सायनसच्या तळाच्या पांढऱ्या रेषेच्या वर दिसत होती. वाचणाऱ्याने "मुळं सायनसमध्ये" असं म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही. चित्र तसंच दिसतं.

पण ओपीजी म्हणजे वळणदार जबडा उलगडून सपाट केलेली सावली. टाळूच्या बाजूचं मूळ आणि गालाच्या बाजूची मुळं एकमेकांवर पडतात. सायनसच्या बाहेरून, गालाच्या भिंतीलगत वर गेलेलं मूळ सायनसच्या आत घुसल्यासारखं दिसतं. शिवाय यंत्राची किरणं खालून थोडी वर जाणारी असतात, त्यामुळे टाळूच्या बाजूच्या गोष्टी चित्रात प्रत्यक्षापेक्षा वर ढकलल्या जातात. आकारही यंत्रागणिक २० ते ३० टक्के मोठा दिसतो. म्हणून ओपीजीत मूळ रेषेच्या खाली राहिलं तर मी बऱ्यापैकी निर्धास्त असतो. रेषेच्या वर गेलं तर त्यावरून फारसं काही म्हणता येत नाही. "नाही" म्हणण्यात ओपीजी चांगला, "हो" म्हणण्यात कच्चा.

तरीही त्यात काही खुणा उपयोगी पडतात. तळाची पांढरी रेषा मुळाजवळ तुटलेली दिसते का, मुळाचा जो भाग सायनसवर पडतो तो एकदम काळसर होतो का, आणि तळ दोन मुळांमधून खाली झोळीसारखा लोंबतो का. भाऊंच्या चित्रात रेषा एकाच ठिकाणी तुटलेली होती आणि पुढच्या रिकाम्या जागेत सायनस स्पष्टपणे खाली उतरला होता. एवढ्यावरून पुढचं चित्र मागवणं रास्त होतं.

सध्या संगणकाला हजारो ओपीजी दाखवून मूळ सायनसला टेकलंय की नाही हे ओळखायला शिकवण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि त्यांना पडताळा म्हणून त्याच रुग्णांचे सीबीसीटी, म्हणजे जबड्याची त्रिमितीय चित्रं, वापरतात. मला त्यात रस आहे. पण असं यंत्र फार तर स्पर्श ओळखेल. भोक पडेल की नाही हे स्पर्शाखेरीज मुळाचा आकार, हाडाची चिवटता आणि काढणाऱ्याचा हात यांवरही ठरतं, आणि यातलं शेवटचं कुठल्याच चित्रात येत नाही.

सीबीसीटी कधी, आणि सर्दीत का नको

कोन बीम सीटी, म्हणजे सीबीसीटी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये आला. हल्ली पणजी, मडगाव, म्हापसा इथे तो सहज होतो, आणि सहज होतो म्हणून उठसूट मागवलाही जातो. माझा नियम असा: चित्रामुळे माझी योजना बदलणार असेल तरच मागवायचं. वरची अक्कलदाढ सरळ उगवलेली, मुळं रेषेच्या खाली, शेजारची दाढ जागेवर, तरीही "एकदा बघून घेऊ" म्हणून सीबीसीटी काढणं मला पटत नाही. ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. सीबीसीटीत क्षेत्र लहान ठेवलं तर काही दहा, आणि पूर्ण चेहऱ्याचं क्षेत्र घेतलं तर काही शे. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण उगाच घेण्यासारखंही नाही.

भाऊंच्या बाबतीत चित्राने योजना बदलणार होती, यात शंका नव्हती. अडचण वेगळीच आली. ज्येष्ठ संपत आला होता, पावसाने जोर धरला होता, आणि भाऊ नाक ओढत आले होते. पडसं आठवडाभराचं. सर्दीत सायनसचं अस्तर फुगतं. त्या अवस्थेत चित्र काढलं तर पोकळीत दिसणारी सूज सर्दीची की दाढेची, हे सांगता येत नाही. शिवाय फुगलेल्या नाकाने शस्त्रक्रिया करणं म्हणजे शिंकांना आमंत्रण. "आधी पडसं जाऊ दे, मग फोटो," असं सांगून परत पाठवलं. भाऊंना ते फारसं रुचलं नाही, कारण त्यांचा हिशेब वेगळा होता: आषाढात लग्नं नाहीत, तेवढ्यात दाढ काढून घ्यायची आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सनई हातात घ्यायची. मी लावलेल्या दिरंगाईने त्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांतले आठवडे खाल्ले.

चित्र आषाढात निघालं. मागणीपत्रावर मी लिहिलं होतं: फक्त उजवा वरचा मागचा भाग, ५ गुणिले ५ सेंटिमीटरचं क्षेत्र, ०.२ मिलिमीटरचा बारकावा. हे लिहिलं नाही तर बरीचशी केंद्रं दोन्ही जबड्यांचं मोठं चित्र काढून देतात. फुकट जास्त मिळालं म्हणून रुग्णही खूश होतो.

तिन्ही मुळांचं काय निघालं

अहवाल वाचण्याआधी मी स्वतः काप फिरवून पाहतो, आणि तेही दाढेच्या लांबीला समांतर कलवून. तिरक्या दाढेचा सरळ काप घेतला तर मुळाचं टोक एका कापात आणि त्यावरचं हाड दुसऱ्यात जातं.

गालाच्या बाजूची दोन मुळं एकमेकांना चिकटून एक झालेली होती. ती सायनसच्या भिंतीच्या बाहेरून वर गेली होती. मधे ढोबळ २ मिलिमीटर हाड. ओपीजीत जी दोन मुळं "घुसलेली" दिसत होती, ती पोकळीच्या शेजारी उभी होती, आत नव्हती. वरच्या अडकलेल्या अक्कलदाढांचं आर्चरचं जुनं वर्गीकरण आहे, त्यातही २ मिलिमीटर किंवा अधिक हाड असेल तर सायनसशी जवळीक नाही असं धरतात. भाऊंची दाढ अडकलेली नव्हती, पण तो मापदंड इथेही उपयोगी पडतो.

टाळूच्या बाजूचं मूळ मात्र खरं दोषी. ते वाकून आत वळलं होतं, आणि सायनसचा तळ त्याच्या आणि गालाकडच्या मुळांच्या मधे झोळीसारखा उतरला होता. टोकावर हाड दिसतच नव्हतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: ०.२ मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी बनलेल्या चित्रात त्याहून पातळ हाडाची पापुद्री दिसत नाही. ठोकळ्यात थोडं हाड, थोडी हवा किंवा अस्तर आलं की त्याची सरासरी करडी होते. म्हणजे "हाड दिसत नाही" याचा अर्थ "हाड नाही" असा होतोच असं नाही. पण योजना आखताना मी ते नाहीच असं धरतो. पापुद्री असलीच तर मूळ निघताना ती त्याच्याबरोबर यायचा संभव दांडगा.

त्या टोकाभोवती बारीक काळी वाटी, म्हणजे जुना जंतुसंसर्ग. आणि तिच्या बरोबर वर सायनसचं अस्तर घुमटासारखं उचललेलं, सर्वांत जाड जागी ४ मिलिमीटर. पडसं गेल्यानंतरही उरलेली आणि नेमक्या एका मुळावर उभी असलेली ही सूज दाढेचीच होती. सर्दीची सूज अशी एका टोकाला धरून बसत नाही.

शेवटी ट्युबेरॉसिटी. दाढेच्या मागे सायनस असा काही पसरला होता की बाहेरचं हाड अंड्याच्या कवचासारखं उरलं होतं. ही बातमी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. अहवालात ती एका ओळीत, तीही शेवटून दुसऱ्या.

लहान क्षेत्राची एक किंमत असते. सायनसचं नाकात उघडणारं तोंड वर, नाकाकडच्या भिंतीत उंचावर असतं, आणि ते या चित्रात येत नाही. ते तुंबलेलं असेल तर खाली कितीही छान शिवा, जखम धरत नाही. आतला स्राव खालून वाट काढतोच. त्यासाठी मोठं चित्र काढण्यापेक्षा मी भाऊंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुर्बिणीतून पाहून त्यांनी सांगितलं: वाट मोकळी आहे, पू नाही.

भाकीत आणि बेत

आता भाकीत काय करायचं? मी कागदावर लिहिलं ते असं: टाळूच्या मुळाजागी सायनस उघडा पडणार हे जवळजवळ धरून चाला, गालाच्या बाजूने नाही, दाढ अख्खी ओढली तर उंचवटा तुटण्याची भीती खरी. यापुढे टक्केवारी देण्यात मला अर्थ वाटत नाही. भाऊंनीही ती विचारली नाही. त्यांनी विचारलं, "भोक पडलं तर तुम्ही काय करणार, ते सांगा."

बँकेतल्या कारकुनाच्या तोंडात हेच चित्र असतं तर उत्तर सोपं होतं: स्पंज, टाका, दोन आठवडे नाक शिंकरू नका. पण सनई दुहेरी पत्तीची. त्या अरुंद फटीतून सूर काढायला तोंडात जो दाब लागतो तो बोलण्या-गाण्यात कधी लागत नाही. त्यात वादक दम न तोडता वाजवतो: गालात हवा साठवायची, ती गालांनी दाबून पत्तीत सोडत राहायची, आणि त्याच क्षणी नाकाने श्वास आत घ्यायचा. म्हणजे गाल तासन्‌तास फुगतात, आवळतात, आणि दाढेच्या खळगीवर तोच दाब पुन्हा पुन्हा पडतो. साधा टाका तिथे किती दिवस टिकेल?

झाकण्याचे दोन जुने, खात्रीचे मार्ग आहेत. रेहरमानने १९३६ मध्ये सांगितलेला गालाकडच्या हिरडीचा फ्लॅप, म्हणजे एका बाजूने जोडलेला ठेवून उचललेला पदर: तो खाली ओढून टाळूला शिवायचा. सोपा, झटपट, आणि बहुतेकांना पुरतो. पण त्याने गाल आणि हिरडी यांच्यातली खाच उथळ होते; दात नसलेल्या माणसाला कवळी बसवताना त्याचा त्रास होतो. सनईवाल्याच्या बाबतीत मला कवळीची चिंता नव्हती. गाल फुगवला की ओढला जाणारा तोच फ्लॅप असणार, ही चिंता होती. दुसरा मार्ग एगेडीने १९७७ मध्ये मांडलेला: गालातली चरबीची गादी भोकावर ओढून घ्यायची. ती या जागेच्या अगदी शेजारीच असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, आणि हिरडी पुन्हा आपल्या जागी शिवता येत असल्याने खाच शाबूत राहते. सूज आणि तोंड कमी उघडण्याचा त्रास काही दिवस जास्त. तरी भाऊंसाठी मी हाच मार्ग पक्का केला, आणि तोही शस्त्रक्रियेच्या आधी, भोक पडल्यावर धावाधाव करताना नव्हे. चित्राची खरी कमाई मला इथे वाटते.

खुर्चीवर

जागा बधिर करून गालाच्या बाजूने फ्लॅप उचलला. पायाशी रुंद ठेवला, म्हणजे वेळ आलीच तर ओढता येईल. उभी चीर देताना लाळेच्या नळीचं तोंड सांभाळावं लागतं. ते वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात असतं, आणि ती दाढच नसली की नजर फसते.

दाढेचा माथा आडवा कापून वेगळा केला, मग मुळं एकमेकांपासून सुटी केली. डाव्या हाताचं बोट मागच्या उंचवट्यावर, अंगठा टाळूवर, हाड हलतंय का ते चाचपत. गालाकडचं जोडमूळ पातळ पात्याने कडेकडेने सैल करून काढलं. चित्राने सांगितल्याप्रमाणे खाली पूर्ण हाड होतं. टाळूच्या मुळाला वरच्या दिशेने जराही जोर लावायचा नव्हता. मुळाचं टोक मोडलं आणि वर ढकललं गेलं तर ते सायनसमध्ये जातं, आणि मग ते काढायला गालाच्या भिंतीत खिडकी पाडावी लागते. कॉल्डवेलने १८९३ मध्ये आणि लुकने १८९७ मध्ये वेगवेगळी सांगितलेली ती शस्त्रक्रिया आजही पुस्तकात आहे, पण अक्कलदाढ काढायला आलेल्या माणसावर ती करायची वेळ येऊ नये. पातं फिरवत, मधल्या हाडाचा थोडा भाग घासत, मूळ खाली उतरत गेलं आणि अख्खं आलं. टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी लाल गाठ चिकटलेली, आणि तिच्या एका कडेला हाडाची पापुद्री. चित्रात न दिसलेली पापुद्री ती हीच.

खळगीच्या तळाशी निळसर करडं अस्तर, श्वासाबरोबर किंचित वर-खाली होणारं. मधोमध एक बारीक चीर. ओठाजवळ धरलेल्या आरशावर काही कळत नव्हतं, पण भाऊंनी नाक धरून अगदी हलकी हवा सोडल्यावर चिरेतून रक्ताचे दोन बुडबुडे आले. ही परीक्षा जोराने कधीच करू नये. शाबूत अस्तर नाकातल्या हवेने फाडायचा तो उत्तम उपाय आहे. सळईने चाचपून पाहणं तर हायमोरच्या रुग्णाकडेच राहू द्यावं.

हाडाचं भोक मापलं तर ४ मिलिमीटर. मधल्या पट्ट्यात मोडणारं, स्पंज आणि टाक्याचं. इथे एखादा सहकारी म्हणेल, चरबी कशाला? एरवी मीही हेच म्हणतो. पण बेत आकड्यावर ठरलेला नव्हता. मागच्या अस्थिपटलाला, म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणाला, छोटी चीर देऊन कात्रीचं बंद टोक आत सरकवलं आणि उघडलं. पिवळी चरबी आपणहून बाहेर आली. ओढून आणायची नाही, फुगत बाहेर येऊ द्यायची; ओढली की तुटते आणि तुटली की रक्तपुरवठा गेला. ती भोकावर पसरून टाळूच्या हिरडीला विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवली, आणि फ्लॅप जिथला तिथे. उंचवटा जागचा हलला नव्हता.

नंतरचे आठवडे

सूचना नेहमीच्याच, पण त्या सांगताना माणसाच्या सवयी माहीत असाव्या लागतात. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. स्ट्रॉने पिणं बंद, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ शहाळंसुद्धा पेल्यात ओतून घ्यायचं. पेज चालेल, पण कोमट. भाऊ तपकीर ओढायचे. हे पहिल्या भेटीत सांगितलं नव्हतं, वहिनींनी सांगितलं. तपकीर म्हणजे तंबाखू आणि शिंक एकाच चिमटीत. ती बंद करण्यावर आमची जरा शाब्दिक चकमक झाली. नाक मोकळं राहायला थेंब पाचच दिवस, त्यापुढे नाही, कारण थेंबांचीच सवय होऊन नाक अधिक चोंदतं. सोबत अँटिबायोटिक, कारण मुळाशी जुना संसर्ग होता.

पहिल्या आठवड्यात गाल चांगलाच सुजला आणि तोंड दोन बोटंच उघडायचं. आठव्या दिवशी खळगीत पिवळी चरबी लालसर झालेली दिसली, भाऊ आरशात पाहून दचकले, "काहीतरी कुजतंय." कुजत नव्हतं, रक्तवाहिन्या धरत होत्या. चौथ्या आठवड्यात तिथे गुलाबी, थोडी खडबडीत कातडी होती, आणि पाण्याची चूळ भरून नाकात काही येत नव्हतं.

चवथ सहाव्या आठवड्यात आली. भाऊंनी फोन केला नाही, थेट दवाखान्यात आले, सनईची पिशवी काखेत. कातडी धरली होती हे खरं. पण वरून धरलेली कातडी आणि दाब सोसणारी कातडी यांत फरक आहे, आणि तो फरक दाखवणारं कुठलंही चित्र माझ्याकडे नव्हतं. पुन्हा सीबीसीटी काढावा का, असा विचार मनात आला आणि सोडून दिला. त्यात चरबीची गादी आणि अस्तर एकसारखीच करडी दिसली असती, निर्णयाला काडीचा उपयोग नाही. मी "नको" म्हटलं. त्या वर्षी पुतण्याने सनई धरली आणि भाऊ नगाऱ्यावर बसले. रागावले होते, पुढच्या तपासणीला आठवडाभर उशिरा आले.

आठव्या आठवड्यात रोज थोडा वेळ, मऊ पत्तीवर, गाल न फुगवता वाजवायला परवानगी दिली. नवरात्रात देवळात मखरोत्सव असतो, तिथे रोज रात्री वाजवायचं होतं. दोन दिवसांनी एकदा येऊन दाखवायचं, या अटीवर सोडलं. खळगीच्या जागी काही नाही, नाकात पाणी नाही, सूर पूर्वीसारखाच, असं पुतण्याचं मत. सायनसची तक्रार सहा महिन्यांनीही नव्हती. त्यामुळे मुळाच्या वर उचललेली ती सूज दाढेचीच होती, हा अंदाज मला पक्का वाटतो, जरी ती उतरल्याचं चित्र मी काढलेलं नाही.

आता उरली डावी अक्कलदाढ. जुन्या ओपीजीत तिचीही मुळं रेषेच्या वर दिसतात, पण तिच्या पुढची दाढ जागेवर आहे, कीड नाही, दुखत नाही. तिला हात लावायचं आज कारण नाही. फाइलवर लिहून ठेवलं आहे: डावी वरची अक्कलदाढ, दुखली तरच, आधी सर्दी नाही याची खात्री, लहान क्षेत्राचा सीबीसीटी, तारीख ठरवताना देवस्थानाचं पंचांग बघणे.